विलायतेचे घरजावई

दमणच्या किल्ल्यावर पोर्तुगालचं निशाण फडकत होतं त्या काळात, १९५१ साली, तिथे एक मुलगा जन्मला. तो दहा वर्षांचा झाला आणि डिसेंबर १९६१मध्ये ते निशाण खाली आलं. गोवा, दमण आणि दीव भारतात आले. मुलगा इथेच वाढला आणि १९७८मध्ये पोर्तुगालला निघून गेला. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात तो पाहुणा म्हणून लंडनला उतरला. तिथे एका मुलीशी गाठ पडली, जमलं, आणि ८ डिसेंबर १९७९ रोजी दोघांनी लग्न केलं.

मुलगी १९४८ची. जन्म आफ्रिकेत, मलावीत, वंश भारतीय. जन्माने मिळालेलं मलावीचं नागरिकत्व आपण भारतीय वंशाच्या म्हणून काढून घेतलं गेलं, असं तिचं म्हणणं होतं. त्यामुळे ती कुठल्याच देशाची नागरिक नव्हती. १९७७च्या डिसेंबरात ती ब्रिटनला आली आणि १९७९च्या मे महिन्यात तिला तिथे बेमुदत राहण्याची परवानगी मिळाली. हक्काने राहता येईल अशी पृथ्वीवरची एवढी एकच जागा तिच्याकडे होती. नवऱ्यालाही इथेच राहू द्या, असा अर्ज झाला. गृहखात्याने तो फेटाळला. तू ब्रिटनची नागरिक नाहीस, तुझा जन्म इथला नाही, तुझ्या आईचा किंवा वडिलांचाही नाही. तेव्हा तुझ्या नवऱ्याला इथे जागा नाही, असं कारण दिलं.

आता हीच गोष्ट उलटी मांडून बघा. समजा तो ब्रिटनमध्ये स्थायिक आहे आणि बायको दमणहून यायची आहे. तर तिला येऊ दिलं असतं. त्याचा जन्म कुठला, त्याचे आईवडील कुठले, हे कुणी विचारलं नसतं. नवऱ्यामागून बायको येणार हे साहेबाच्या कायद्याने गृहीतच धरलं होतं. बायकोमागून नवरा येतो म्हटल्यावर मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडत.

आपल्याकडे अशा नवऱ्याला एक तयार शब्द आहे: घरजावई. तो उच्चारताना ओठाच्या कोपऱ्यात जे हसू येतं ते वेगळं सांगायला नको. लेक दिल्या घरी जाते. जावई सासऱ्याच्या घरी राहायला आला की गाव कुजबुजतं. पण ही कुजबुज ब्रिटिश गृहखात्याच्या फायलींमध्येही होती, आणि वर्षानुवर्षं ती हजारो जोडप्यांचं भवितव्य ठरवत होती, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. ती कुजबुज कायद्यात कशी शिरली आणि तिथून निघता निघता तिने काय काय रूपं घेतली, त्याची ही हकीकत.

बाईने नवऱ्यामागे जायचं, ही कल्पना काही फक्त आपली नव्हे. १८७०च्या कायद्यापासून परदेशी माणसाशी लग्न करणारी ब्रिटिश बाई आपलं ब्रिटिशत्व गमावत असे. लग्नाच्या नोंदवहीत सही केली की ती नवऱ्याच्या देशाची झाली. १९३०च्या दशकात यातली धार थोडी बोथट केली गेली, पण ब्रिटिश बायकांना पूर्ण दिलासा मिळाला तो १९४८च्या नागरिकत्व कायद्याने, १ जानेवारी १९४९पासून. उलट परदेशी बाईने ब्रिटिश पुरुषाशी लग्न केलं, तर नाव नोंदवून ब्रिटिश नागरिक होण्याचा तिला हक्कच होता. त्यासाठी ब्रिटनमध्ये पाऊल ठेवण्याचीही गरज नव्हती. परदेशी नवऱ्याला असा काही हक्क नव्हता. विवाहितेचं कायदेशीर वास्तव्य नवऱ्याच्या वास्तव्यावरून ठरायचं, हा नियम तर १९७३चा कायदा येईपर्यंत टिकून होता.

सुरुवातीला याचा कुणाला फारसा काच नव्हता, कारण राष्ट्रकुलातल्या कुणालाही ब्रिटनचा दरवाजा उघडाच होता. १९६२च्या कायद्याने तो निम्मा लोटला. आता कामासाठी यायचं तर व्हाउचर लागे. पण आधीच आलेल्या पुरुषांच्या बायकामुलांना हक्काने येता येई. ज्यांनी चार वर्षं कमवून परत जायचं ठरवलं होतं, त्यांनीही मग दार बंद व्हायच्या आत कुटुंबं बोलावून घेतली. एकटे राहणारे गिरणी कामगार आणि फाउंड्रीतले मजूर संसारी झाले ते याच काळात. लोकांना अडवायला केलेल्या कायद्यामुळे वस्त्याच उभ्या राहिल्या, हे सरकारच्या उशिरा ध्यानात आलं.

या कुटुंबांतल्या मुली मोठ्या होऊ लागल्या आणि त्यांच्या लग्नाच्या गोष्टी सुरू झाल्या. पंजाब, गुजरात, मीरपूर, सिल्हेट इथून मुलगा बघायचा आणि इकडे आणायचा. १९६९मध्ये गृहमंत्री जेम्स कॅलाहन यांनी राष्ट्रकुलातल्या नवऱ्यांना आणि होणाऱ्या नवऱ्यांना दार लावून घेतलं. अगदी अपवादात्मक हालअपेष्टा असतील तरच सूट. नवरा आला की नोकरी मागणार, बायको आली की घरात बसणार, असा सरकारचा हिशेब. त्याच वेळी लंडनच्या रुग्णालयांत, लेस्टरच्या होजिअरी कारखान्यांत आणि साउथॉलच्या आसपासच्या कारखान्यांत याच समाजांतल्या बायका पाळ्या करत होत्या, पण तो आकडा या हिशेबात धरलेला नव्हता.

पाच वर्षांनी, १९७४मध्ये, रॉय जेनकिन्स यांनी ही बंदी उठवली. मग ओरड सुरू झाली की खोटी लग्नं वाढली. १९७७मध्ये नवऱ्यांना आधी एका वर्षाचीच परवानगी द्यायची, लग्न टिकलं तर पुढचं बघू, असं ठरलं. विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी जानेवारी १९७८मध्ये दूरचित्रवाणीवर मुलाखत देऊन, वेगळ्या संस्कृतीच्या लोकांखाली आपण बुडून जाऊ अशी भीती लोकांना वाटते, असं बोलून दाखवलं. पुढच्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यात १९७४ची ही सवलत काढून घेण्याचं वचन होतं. जाहीरनामा म्हटला की करबीर, संप, महागाई हे आलंच. त्यातच परक्या देशातले नवरेही एक ओळ अडवून बसले होते.

ही निवडणूक व्हायच्या आधीच एक प्रकरण फुटलं.

२४ जानेवारी १९७९. हीथ्रो विमानतळ. दिल्लीहून एक शिक्षिका उतरली. वय ३५. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसाशी तिचं लग्न ठरलं होतं. त्या वेळच्या नियमानुसार होणाऱ्या बायकोला आधी व्हिसा काढावा लागत नसे. येऊन तीन महिन्यांत लग्न केलं की झालं. लग्न झालेल्या बायकोला मात्र मायदेशातूनच एन्ट्री सर्टिफिकेट आणावं लागे आणि त्यासाठी महिनोन् महिने रांगेत थांबावं लागे. अधिकाऱ्याला संशय आला की हिचं लग्न आधीच झालेलं आहे आणि रांग चुकवायला ही स्वतःला नियोजित वधू म्हणवते आहे.

आता हा संशय कसा फेडायचा? तिला डॉक्टरकडे पाठवलं गेलं. बाई डॉक्टर द्या, असं तिने मागितलं. ते मिळालं नाही. परत पाठवतील या भीतीने तिने संमतीच्या कागदावर सही केली आणि एका पुरुष डॉक्टरने ती कुमारिका आहे की नाही हे तपासलं. मग तिला आत सोडलं.

१ फेब्रुवारीच्या ‘गार्डियन’मध्ये मेलानी फिलिप्स यांच्या नावाने ही बातमी छापून आली आणि गहजब झाला. गृहमंत्री मर्लिन रीस यांनी असल्या तपासण्या ताबडतोब थांबवल्या. दिल्लीत मोरारजी देसाईंच्या सरकारने निषेध केला, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगापर्यंत गेलं. लंडनमध्ये ‘आवाज’ या आशियाई बायकांच्या गटाने आणि इतरांनी थेट हीथ्रोवरच निदर्शनं केली. असे प्रकार अगदी विरळा, अशी सरकारची सारवासारव चालू होती. बत्तीस वर्षांनी, २०११मध्ये, इव्हान स्मिथ आणि मारिनेला मार्मो या ऑस्ट्रेलियातल्या दोन अभ्यासकांनी ब्रिटिश दप्तरं उघडून दाखवली तेव्हा कळलं की सत्तरच्या दशकात किमान ८० बायकांची अशी तपासणी झाली होती, आणि तीही भारतात, दिल्ली आणि मुंबईच्या ब्रिटिश कचेऱ्यांमार्फत.

या तपासणीच्या किळसवाणेपणाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिच्यामागचा तर्क जास्त अस्वस्थ करतो. भारतीय वधू लग्नाआधी कुमारिकाच असणार. ही कुमारिका नसेल तर हिचं लग्न झालेलं असणार. झालेलं असेल तर ही खोटं बोलते. आपल्याच एखाद्या आत्याबाईने ओसरीवर बसून मांडावा तसा हा हिशेब. फरक एवढाच की आत्याबाईच्या हातात शिक्का नसतो. आणखी एक गोष्ट बघा. ती खरोखरच बायको असती, तर तिचा ब्रिटनमध्ये येण्याचा हक्क नियोजित वधूपेक्षा जास्तच भक्कम होता. सगळा खटाटोप होता तो रांग मोडली की काय एवढ्यासाठी.

मे १९७९मध्ये थॅचर सत्तेवर आल्या आणि मार्च १९८०पासून नवे नियम लागू झाले. नवऱ्याला आणायचं तर बायको ब्रिटनची नागरिक हवी, आणि ती स्वतः किंवा तिच्या आईवडिलांपैकी एकजण तरी ब्रिटनमध्ये जन्मलेलं हवं. कातडीचा रंग नियमात कुठे लिहिलेला नव्हता. तो माहेरच्या जन्मदाखल्यात बरोबर सापडायचा.

याच नियमात आणखी एक कलम होतं, आणि पुढे सगळा उत्पात त्याने केला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा असेल तर परवानगी नाही. लग्न खोटं असण्याची गरज नव्हती. दोघांनी खरोखर संसार करायचं ठरवलेलं असलं, मुलं झाली, तरीही मुख्य हेतू विलायत असं अधिकाऱ्याला वाटलं की संपलं. नवा नागरिकत्व कायदा १९८३मध्ये लागू व्हायचा होता, म्हणून सरकारने नियम पुन्हा लिहायला घेतले. आता ब्रिटिश नागरिक असलेल्या कुठल्याही बाईला नवरा आणता येणार होता. डिसेंबर १९८२मध्ये सत्ताधारी पक्षातल्याच कडव्या खासदारांना ही ढील पसंत पडली नाही. त्यांनी बंड केलं, सरकार मतदानात हरलं. दोन महिन्यांनी नियम परत आले ते एक गाठ मारून: मुख्य हेतू विलायत हा नव्हता हे आता अर्जदारानेच सिद्ध करायचं. नसलेली गोष्ट नाही, हे सिद्ध करा.

मुलाखती होत दिल्लीत, मुंबईत, इस्लामाबादेत, ढाक्यात. एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला विशीपंचविशीतला मुलगा, मध्ये दुभाषा. प्रश्नोत्तरं इंग्रजीत लिहून काढली जात. नकार आला तर अपील ब्रिटनमध्ये चाले. तिथे हाच कागद पुढे ठेवला जाई, मुलगा मात्र हजर नसे. स्थळ आधी कुणी सुचवलं? लग्नानंतर कुठे राहायचं हे कुणी ठरवलं? तुझे भाऊ कुठे आहेत? इथे काय कमावतोस?

आणि एक ठेवणीतला प्रश्न. आम्ही परवानगी दिली नाही तर तुझी बायको इकडे येऊन राहील का? मुलगा ‘हो’ म्हणाला तर: मग आत्ताच का येत नाही, तू तिकडे जायचा हट्ट का धरतोस? ‘नाही’ म्हणाला तर: म्हणजे लग्न टिकणार ते विलायतेच्या अटीवरच. दोन्हीकडून कात्री.

त्यावर कळस म्हणजे रीतीरिवाजाचा मुद्दा. तुमच्याकडे मुलगी सासरी जाते, अधिकारी लिहीत. इथे मुलगाच मुलीच्या घरी जातो आहे. म्हणजे समाजाची रीत मोडली जाते आहे. समाजाची रीत माणूस उगाच मोडत नाही. तेव्हा हेतू विलायत. वाचताना मी थबकलो. घरजावई हा शब्द त्या साहेबाला ठाऊक नसेल, पण त्यामागची सगळी कुचेष्टा त्याला तोंडपाठ होती. पुन्हा गंमत अशी की स्थळ जमवून केलेलं लग्न ही आमची रीत आहे असं म्हणावं, तर त्यात प्रेम दिसत नाही म्हणून संशय. आणि रीत सोडून प्रेमात पडलो म्हणावं, तर रीत सोडली म्हणून संशय. आपल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या जपलेल्या रूढीचा फास कुणी करेल तर असा. ज्या रूढीने बायकांना घरात कोंडलं, तीच आता त्यांचा नवरा अडवायला वापरली जात होती.

हे सगळं चालू असताना तीन बायकांचं प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात पोचलं होतं. पहिली अब्दुलअझीझ, जिच्यापासून सुरुवात केली ती. दुसरी काबालेस: जन्म फिलिपिन्सचा, १९६७पासून ब्रिटनमध्ये रुग्णसेवेत, १९७१पासून बेमुदत परवानगी, १९८०मध्ये मायदेशी जाऊन तिने लग्न केलं आणि नवरा तिकडेच अडकला. तिसरी बालकंदाली: जन्म इजिप्तचा. तिचा पहिला नवरा ब्रिटिश होता, त्या नात्याने ती स्वतः ब्रिटिश नागरिक झाली होती. दुसरं लग्न तिने एका तुर्की माणसाशी केलं आणि तेव्हा तिला कळलं की नागरिकत्व असून भागत नाही, जन्मही इथला लागतो. एक बिनदेशाची, एक परदेशी, एक नागरिक. तिघींना तोच नकार. या खटल्यामागे १९६७मध्ये साउथॉलला स्थापन झालेली स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लढणारी ‘जॉइंट कौन्सिल’ ही संस्था उभी होती.

सरकारने आपली बाजू मांडली ती बेकारीची. पुरुष आला की नोकरी शोधतो, बायका तेवढ्या शोधत नाहीत. बेकारीच्या काळात देशातल्या कामगारांना सांभाळायला हवं. देशाची पंतप्रधान बाई असताना तिचे वकील हे सांगत होते.

२८ मे १९८५ रोजी निकाल लागला. बायकांच्या नवऱ्यांना अडवणं आणि नवऱ्यांच्या बायकांना येऊ देणं हा लिंगभेद आहे, असं न्यायालयाने एकमताने ठरवलं. बेकारीचं कारण त्याला पुरेसं वजनदार वाटलं नाही. पण निकालाची दुसरी बाजूही होती. हे नियम वर्णभेदी आहेत हे न्यायालयाने मानलं नाही. आणि कुटुंबाच्या हक्कात आपला संसार कोणत्या देशात थाटायचा हे निवडण्याचा हक्क येत नाही, असंही स्पष्ट सांगितलं. भरपाईच्या मागणीवर उत्तर मिळालं की तुमच्यावर अन्याय झाला एवढं आम्ही म्हटलं, हीच पुरेशी भरपाई.

आता ब्रिटनला नियम समान करणं भाग होतं. ते करायचे दोन मार्ग होते. नवऱ्यांनाही बायकांसारखं येऊ द्यायचं, किंवा बायकांनाही नवऱ्यांसारखं अडवायचं. जुलै महिन्यात गृहमंत्री लिऑन ब्रिटन यांनी दुसरा मार्ग जाहीर केला. ऑगस्ट १९८५पासून मुख्य हेतूची चाळणी बायकांनाही लागू झाली. आपल्याकडे पंगतीत एकाला वाढताना तूप कमी पडलं तर ज्याला वाढलं असेल त्याच्या पानावरचं काढून घेत नाहीत. तिथे घेतलं. समानता पूर्ण झाली.

हे काही एकदाच झालं असंही नाही. १९८३मध्ये लागू झालेल्या नागरिकत्व कायद्यानेही परदेशी बायकांचा नाव नोंदवून नागरिक होण्याचा हक्क काढून घेऊन त्यांना नवऱ्यांच्या बरोबरीला बसवलं होतं. त्याच कायद्याने ब्रिटिश आईला परदेशात जन्मलेल्या मुलाला आपलं नागरिकत्व देता येऊ लागलं, हे न्यायाने सांगायला हवं. पुढे १९८८च्या कायद्याने, १९७३पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुलातल्या पुरुषांना बायकामुलं आणण्याचं जे कायदेशीर अभय होतं, तेही गेलं. ज्या माणसांनी या शब्दावर विश्वास ठेवून सत्तरच्या दशकात रांगा लावल्या, त्यांच्यासाठी आता कमाईची, घराची अट आली.

मुख्य हेतूच्या नियमाशी न्यायालयांची झटापट दहा वर्षं चालली. १९८८मध्ये अपील न्यायालयाने होक आणि सिंग यांच्या खटल्यांत दहा कलमी सूत्र घालून दिलं. त्यातली एक वाट जोडप्यांना उपयोगी पडली. लग्नाच्या वेळी हेतू काहीही असो, नंतर दोघांत खरी निष्ठा निर्माण झाली असेल तर तिच्यावरून मूळच्या हेतूविषयी काही अनुमान काढता येईल. वकिलांच्या भाषेत याला ‘दरम्यानची निष्ठा’ म्हणत. मग ती सिद्ध करायची कशी? फोनची बिलं, विमानाची तिकिटं, लग्नातले फोटो, मुलांचे जन्मदाखले, आणि पत्रं. गठ्ठेच्या गठ्ठे पत्रं भाषांतर करून फायलीला लागली.

ती पत्रं कशी असतील याचा मला थोडा अंदाज आहे. एकत्र कुटुंबात आलेलं पत्र आधी सासरा वाचतो, मग दीर, मग शेजारी. लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. त्यामुळे पहिल्या दोन पानांत सगळ्यांची खुशाली, म्हशीचं दूध, पाऊसपाणी, कुणाच्या मुंजीला किती माणसं जेवली. आणि शेवटी ‘तब्येतीला जप’. नवराबायकोने एकमेकांना जे सांगायचं ते त्या दोन शब्दांत. गृहखात्याच्या क्रॉयडनमधल्या कचेरीत बसलेल्या माणसाने त्यात निष्ठा शोधायची, आणि ती सापडली नाही म्हणून संसार अडवायचा. नियोजित वधूच्या शरीरात जे एकदा शोधलं गेलं ते आता पत्रांत शोधलं जात होतं, एवढाच काय तो बदल. निदान यात हातमोजे लागत नव्हते.

मे १९९७मध्ये मजूर पक्ष निवडून आला आणि ५ जूनला गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी मुख्य हेतूचा नियम रद्द केला. सतरा वर्षांचं प्रकरण एका निवेदनात आटोपलं.

पण संशयाने तेवढ्यात बस्तान हलवलं नाही. त्याने हेतू सोडून खिसा धरला. लग्न टिकण्याची परीक्षा एका वर्षाची होती ती २००३मध्ये दोन वर्षांची झाली, २०१२मध्ये पाच. २००८मध्ये दोघांचं वय २१ पाहिजे असं ठरलं. ते २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोडलं. २०१०मध्ये इंग्रजीची परीक्षा आली. आणि ९ जुलै २०१२पासून जोडीदार आणणाऱ्याची वर्षाची कमाई किमान १८,६०० पौंड हवी असा दंडक आला. येणाऱ्याला तिकडे कितीही मोठी नोकरी मिळणार असली तरी ती धरायची नाही. एप्रिल २०२४मध्ये हा आकडा २९,००० झाला. आता अडकले ते फक्त सिल्हेटचे आणि जालंधरचे नवरे नव्हते. अमेरिकन बायको केलेला वेल्समधला शिक्षक, थायलंडची बायको केलेला ट्रकचालक, असेही लोक रांगेत दिसू लागले, आणि वर्तमानपत्रांना या विषयाची पुन्हा आठवण झाली.

इथे आपल्या गोव्याचा संबंध येतो. १९६१पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनला जन्म नोंदवून पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो. पोर्तुगाल १९८६मध्ये युरोपीय समुदायात गेला, आणि पुढे हा पासपोर्ट म्हणजे ब्रिटनमध्ये काम करण्याची किल्ली झाली. सासष्टी, बार्देशातली शेकडो कुटुंबं इंग्लंडमधल्या स्विंडनला गोदामांत आणि कारखान्यांत कामाला लागली. युरोपीय नागरिक म्हणून ती आपला भारतीय नवरा किंवा बायको आणत. परवाना फुकट, कमाईची अट नाही, इंग्रजीची परीक्षा नाही. शेजारच्या घरातला, पिढ्यान् पिढ्या स्विंडनचाच असलेला इंग्रज मात्र १८,६०० पौंड जमवत बसायचा. ब्रिटिश नागरिकाला आपल्याच देशात बायको आणणं गोंयकाराहून अवघड होतं, अशी स्थिती २०२०च्या अखेरीपर्यंत टिकली. दमणमध्ये जन्मलेला तो पाहुणा थोडं थांबून आला असता तर ना स्ट्रासबुर्ग लागलं असतं, ना वकील.

ब्रिटिशांनीही मग हीच खिडकी शोधून काढली. दुसऱ्या युरोपीय देशात, बहुधा शेजारच्या आयर्लंडमध्ये, काही महिने नोकरी करायची, नवऱ्याला किंवा बायकोला तिकडे बोलवायचं आणि मग युरोपीय कायद्याचा हक्क घेऊन दोघांनी मिळून घरी परतायचं. गृहखात्याने २०१४मध्ये तुमच्या जगण्याचं केंद्र खरोखर तिकडे होतं का, असा प्रश्न जोडून ती खिडकी बारीक करून पाहिली. ब्रेक्झिटनंतर, मार्च २०२२च्या अखेरीस, ती बंदच झाली. तोवर या वाटेला सगळे ‘सुरिंदर सिंग रूट’ म्हणत. चहाच्या दुकानात बसलेला पक्का इंग्रज गडीही आम्ही सुरिंदर सिंग करतो आहोत, असं सांगायचा.

हे नाव पडलं ते लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयातल्या खटल्यावरून. सुरिंदर सिंग भारतीय नागरिक. १९८२मध्ये ब्रॅडफर्डला त्याने एका ब्रिटिश मुलीशी लग्न केलं. १९८३ ते १९८५ दोघांनी जर्मनीत नोकऱ्या केल्या आणि परत येऊन ब्रिटनमध्ये धंदा सुरू केला. काही काळाने लग्न मोडायला लागलं, गृहखात्याने त्याची परवानगी आखडली आणि त्याला देशाबाहेर काढायची तयारी केली. तो भांडत राहिला. ७ जुलै १९९२ला लक्झेंबर्गच्या न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला: दुसऱ्या देशात काम करून परतणाऱ्या बायकोला आपल्या नवऱ्याला सोबत आणण्याचा हक्क आहे, अगदी स्वतःच्या देशातसुद्धा. त्या दोघांचा कायदेशीर काडीमोड फेब्रुवारी १९८९मध्येच झाला होता.